चुरगळीला पाणी घालू नये

सोमवार, दिनांक ३ जून २०१९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. या वेळेपर्यंत माझ्या घराच्या अंगणातील तीन झुडपे बुंधा वीतभर ठेवून छाटून झाली होती, त्यांच्या मुळाशी दोन पोती शेणखत कालवून झाले होते, आणि ठिबकची काळी नळी अंथरून रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पाणी सुटेल असे घड्याळ नळाला बसवून झाले होते. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. काम फत्ते झाल्याचा फोटो 'आत्या, सरप्राइज!' या शब्दांसह त्या मिनिटाला माझ्या फोनवर आला. मी तेव्हा रुग्णालयात खाटेवर होते. जुलैच्या मध्यापर्यंत तिन्ही झुडपे मेली.

एवढे आधी नोंदवून आता रिवाजाप्रमाणे लिहिते.

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या औषधालयात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे बोलून पाहावे. बहुतेक जण तिसऱ्या मिनिटाला उठतात. मूत्रपिंडे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्र करताना कायदा मूत्रपिंडांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. रागाला कायदा दबाव म्हणत नाही, हे वकिलांकडून खातरजमा करून घेतले आहे. यापूर्वी केलेले एका ओळीचे मृत्युपत्र, ज्यात 'माझे जे काही आहे ते माझ्या पुतण्याला' एवढेच लिहिले होते, ते मी रद्द करते.

या कागदात एकच गोष्ट अजून ठरायची राहिली आहे. माझे घर, आणि त्याच्या अंगणात शिल्लक असलेले एक झुडूप, पुतण्याला जाणार की नाही. बाकी सगळे मी ठरवून टाकले आहे. हे त्याने ठरवायचे आहे, आणि त्याला मुदत दिली आहे.

कलम १. कोण कोण

पुतण्या म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा, वय बेचाळीस. पाण्याच्या मोटारी आणि ठिबकचे संच बसवणे हा त्याचा धंदा. घरात त्याला नळोबा म्हणतात. काही माणसांना भिंतीवरची वाकडी तसबीर दिसली की उठून सरळ केल्याशिवाय घास गिळवत नाही, तसे याचे कोरड्या मातीबद्दल आहे. त्याची बायको समजूतदार आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त तिने नवऱ्याला अधूनमधून मोठ्या आवाजात अडवावे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिनेही लग्न केले नाही. आम्ही दोघी या घरात चौतीस वर्षे राहिलो. ती २०११ च्या फेब्रुवारीत गेली.

आणि चुरगळी. पुस्तकात तिला रॉकरोज म्हणतात. मूळची उन्हाळाभर पाऊस न पडणाऱ्या, दगडगोट्यांच्या समुद्रकाठच्या टेकड्यांवरची. पाने अरुंद, बोटाला चिकटणारी, दुपारच्या उन्हात डिंकासारखा वास सोडणारी. फूल पांढरे, तळहाताएवढे, पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी एक काळपट तांबडा डाग. उमलते तेच खिशात राहून गेलेल्या कागदासारखे सुरकुतलेले. म्हणून ताईने तिचे नाव चुरगळी ठेवले. फूल सकाळी येते आणि दुपारी चारच्या सुमारास पाकळ्या टाकते. दुसऱ्या दिवशी दुसरी येतात. असे सहा आठवडे चालते. त्या सहा आठवड्यांत अंगण झाडू नये.

कलम २. घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना, पुढे दक्षिणेकडे उघडे अंगण. पूर्वेस शेजारीणबाईंची भिंत, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस बंद पडलेला छापखाना. हे घर माझ्या आणि ताईच्या पगारातून उभे राहिले. ताईचा हिस्सा तिच्या कागदाने माझ्याकडे आला. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती गेली वीस वर्षे हलते. ज्याला घर मिळेल त्याने घाबरू नये आणि दुरुस्तही करू नये. गल्लीतल्या प्रत्येकाला तिचा आवाज माहीत आहे, त्यामुळे कुलपाची गरज पडलेली नाही.

घर कोणाला, ते कलम ९ मध्ये.

कलम ३. हत्यारे आणि वस्तू

औषधालयात मी वापरत असे तो लहान तराजू, पितळी वजनांसकट, माझ्या हाताखाली काम शिकलेल्या मुलीला. ती आता पन्नाशीची आहे आणि त्या औषधालयाची प्रमुख आहे, पण माझ्यासाठी ती 'धाकटी'च. पहिल्या दिवशी तिने मला विचारले होते, "बाई, थोडं जास्त पडलं तर काय होतं?" मी म्हटले, "तुला काही होत नाही." तिने पुन्हा कधी विचारले नाही. तराजू तिलाच शोभेल.

छाटणीची कात्री शेजारीणबाईंना. ती २००९ पासून त्यांच्याकडेच आहे. दोन दिवसांसाठी नेली होती. आता ती कायदेशीररीत्या त्यांची झाली, निदान धार तरी लावून घ्यावी.

निवृत्तीच्या समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ त्या वेळच्या मुख्य कारकुनांना, ते हयात असल्यास. ते घड्याळ घरी आणले तेव्हापासून बंद आहे. भाषणात त्यांनी मला 'शिस्तीची पण कडवट' म्हटले होते. औषध कडवट असते, हे एवढी वर्षे रुग्णालयात बसून त्यांना कळले नाही.

ताईचे शिवणयंत्र पुतण्याच्या बायकोला. हे बिनशर्त.

बँकेत जे असेल त्यातून रुग्णालयाची देणी भागवावीत आणि उरेल ते धाकटीला द्यावे. मी गेल्यावर सभा, भाषणे, फोटोला हार यांतले काही करू नये.

कलम ४. झुडूप घरात कसे आले

मिशनच्या शाळेत मी तिथल्या सिस्टरांना उलट उत्तरे देत असे. अकराव्या वर्षी एकदा तोंडाला लगाम नाही म्हणून वर्गाबाहेर काढले आणि बागेच्या सिस्टरांकडे हवाली केले. त्या फारशा बोलत नसत. भिंतीलगत उन्हात त्यांची पाच झुडपे होती, आणि त्यांच्या भोवती मातीऐवजी खडीच जास्त होती. मी आपण होऊन झारी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सिस्टर, झाड वाळतंय."

"वाळत नाही. राहतंय."

"पण पाणी—"

"बाळ, हे झाड लाडानं मरतं. तू गप्प बसायला शिक, मग तुला एक फांदी देईन."

गप्प बसायला मी शिकले नाही. तरीही शाळा सोडताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी दिली. चुरगळी दहा-पंधरा वर्षांहून जास्त जगत नाही. म्हणून दर काही वर्षांनी फांदीपासून नवे रोप करत करत आम्ही तिला साठ वर्षे आणले. मेलेली तिन्ही झुडपे त्या फांदीच्या पणत्या होत्या. त्यांतली दोन ताईने स्वतःच्या हाताने २००८ मध्ये लावली होती, एका पावसाळी संध्याकाळी, माझ्याशी भांडत, कारण मला ती एक हात पलीकडे हवी होती. ताईच्या हातचे या घरात जिवंत असे तेवढेच होते.

कलम ५. झुडपाची निगा

औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसे लिहिते. ज्याच्याकडे अंगण जाईल त्याने हे पाठ करावे.

जमीन हलकी, दगडगोट्यांची, पाणी न थांबणारी. खत नाही. शेणखत नाही, पुडीतले नाही, स्वयंपाकघरातल्या सालींचे सुद्धा नाही. सुपीक मातीत ती भराभर वाढते, पोकळ होते आणि पहिल्या वाऱ्यात मोडते. ऊन दिवसभर. नवे रोप लावले तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, मुळाशी, सकाळी पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यापासून झारी फडताळात. आता उरलेले झुडूप नऊ वर्षांचे आहे. त्याला पाणी घालू नये. कितीही कडक उन्हाळा असो, शेजारीणबाई भिंतीवरून कितीही हळहळोत, पाणी घालू नये.

छाटणी फुलोरा संपल्यावर, आणि तीही फक्त कोवळ्या हिरव्या शेंड्यांची, चार बोटे. जुन्या, तपकिरी लाकडाला कात्री लावू नये. गुलाब बुंध्यातून फुटतो, चुरगळी फुटत नाही. जिथे कापली तिथे ती संपते. जागा बदलू नये. मुळे हलवलेली तिला चालत नाहीत. फुले तोडून पाण्यात ठेवू नयेत, घरात येईपर्यंत पाकळ्या गळतात आणि मग पाहुण्यांना ओशाळवाणे होते.

पाने मलूल दिसली तर काही करण्याआधी माती बोटाने उकरून पाहावी. तहानलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड वरून अगदी सारखे दिसते. दोन्ही मान टाकतात.

आणि तिचे दिवस भरले की तिला जाऊ द्यावे.

कलम ६. फांद्या

दिनांक १८ ऑगस्टला उरलेल्या झुडपाच्या नऊ फांद्या, बुडाशी जुन्या सालीचा तुकडा, म्हणजे टाच, राहील अशा ओढून काढून, वाळूत लावल्या आहेत आणि औषधांच्या जुन्या काचेच्या बरण्या त्यांच्यावर पालथ्या घातल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. मुळे धरली की नाही हे पाहण्यासाठी कोणीही त्या उपटून पाहू नयेत. मी एक उपटून पाहिली, म्हणून आता आठ आहेत. जगतील त्यांतली पहिली धाकटीला, औषधालयाच्या उन्हाच्या खिडकीसाठी. एक परिचारिकाबाईंना द्यायची होती, पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, तेव्हा त्यांनी ती माझ्या डोळ्यांदेखत उचलून न्यावी. बाकीच्या जगल्याच तर घराबरोबर जातील.

कलम ७. नको

३ जूनला जे झाले ते का झाले, हे लिहिल्याशिवाय पुतण्यावर अन्याय होईल. अन्याय करायचा माझा विचार आहे, पण पूर्ण माहितीनिशी.

आमच्या घराण्यात एक पद्धत आहे. कोणी 'नको' म्हटले की ते ऐकायचे नाही. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूने वाढायचे. पहिला नको सभ्यतेचा, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्यापर्यंत आम्ही कोणाला पोचू दिलेले नाही. ताई यात पटाईत होती. मीही कमी नव्हते. मला ज्या ज्या गोष्टी मनापासून हव्या होत्या त्या सगळ्यांना मी आधी नको म्हटले आहे, आणि कोणी पहिल्या नकोवर थांबले तर वर्षभर त्याला ऐकवले आहे.

१२ जूनला मला रुग्णालयातून सोडले. पुतण्या घ्यायला आला होता. फाटक उघडले आणि मी तिथेच उभी राहिले. तिन्ही झुडपांच्या जागी तीन खुंट, काळी ओली माती, आणि सापासारखी नळी.

"हे काय?"

"नवा फुटवा येईल आत्या. गुलाबाला करतो तसं केलंय. दोन महिन्यांत ओळखू येणार नाही."

"आत्ताच ओळखू येत नाही."

"तू ना, कौतुक म्हणून करायचं नाहीस कधी."

"मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"अंगणात काही करू नकोस म्हणालीस."

"मग?"

"मग केलं!" तो खरोखर चक्रावला होता. "आत्या, दवाखान्यात जाताना 'डबा आणू नकोस' म्हणालीस. आणला, तर सगळा संपवलास आणि वर विचारलंस, चटणी कुठाय. आज 'घ्यायला येऊ नकोस' म्हणालीस. आलो नसतो तर? सांग ना, आलो नसतो तर तू माझं काय केलं असतंस? मग मी ओळखायचं कसं, तुझा कुठला नको खरा?"

त्याची बायको दारातून म्हणाली, "मी म्हटलं होतं ह्यांना, पुन्हा एकदा विचारून घ्या. तर म्हणाले, विचारलं की आत्या नकोच म्हणणार."

उत्तर नसले की मी ओरडते. त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेजारीणबाईंनी भिंतीपलीकडून सगळे ऐकले आहे, कोणाला हवे असल्यास त्यांच्याकडे चौकशी करावी. त्यानंतर मी सहा आठवडे पुतण्याशी बोलले नाही. नळाचे घड्याळ मी त्याच संध्याकाळी काढले, पण मुळे तोवर कुजली होती. मी रुग्णालयात असताना उरलीसुरली पाने पिवळी पडू लागली, तेव्हा त्याला वाटले तहान लागली, म्हणून त्याने अर्ध्या तासाचा पाऊण तास केला होता.

चौथे झुडूप जिन्यापलीकडच्या कोपऱ्यात आहे. तिथपर्यंत नळी दोन हात कमी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी नळी आणून तेही 'करून टाकू' असे ठरले होते, पण कुठेतरी मोटार जळाली आणि त्याला जावे लागले. या घरात चुरगळी शिल्लक आहे ती कोणाच्या शहाणपणामुळे नाही.

जुलैमध्ये तो मेलेली झुडपे काढायला आला. मी खिडकीतून पाहत होते. पहिले ओढले तर अलगद हातात आले, मुळेच नव्हती. तो ते हातात धरून हलणाऱ्या पायरीवर बसला. "आत्या, शिव्या दे, पण बोल," म्हणाला. मी खिडकी लावून घेतली. ते मी करायला नको होते. तो रुग्णालयात रोज येत होता, माझा चष्मा स्वतःच्या सदऱ्याला पुसून देत होता, आणि डॉक्टरांनी सांगितलेले एका वहीत लिहून घेत होता. हे सगळे खरे आहे. झुडपे मेली हेही खरे आहे.

कलम ८. ताई

हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. पण ज्या कागदावर मी खरे लिहिते अशी शपथ घेतली आहे, त्यात हे नसेल तर बाकीचे खोटे पडेल.

ताईच्या शेवटच्या आजारात ती माझ्याच रुग्णालयात होती. तिचीही मूत्रपिंडे. एका सकाळी तिने सलाईनच्या नळीकडे पाहून सांगितले, "पुरे आता. नको." वॉर्डात ज्या परिचारिका होत्या त्या माझ्याकडे आल्या.

"बाई, ताई पुरे म्हणाल्यात."

"आमच्याकडे एकदा नको म्हणायची पद्धत आहे," मी म्हटले. "लावा."

"त्या दोनदा म्हणाल्या."

"लावा म्हणते ना मी!"

त्यांनी लावली. मी निवृत्त झाले होते, पण तिथे अजून माझा शब्द मोठ्या हुद्द्याचाच होता. त्यानंतर ताई नऊ दिवस जगली. तिचे हात सुजून इतके जड झाले होते की ते उचलून छातीवर ठेवावे लागत. प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी मी वाचत होते, मात्रा बरोबर आहे ना बघत होते. मात्रा बरोबरच होती. त्या नऊ दिवसांत ताई माझ्याशी बोलली नाही. तिला बोलता येत नव्हते की बोलायचे नव्हते, हे मला माहीत नाही. आठ वर्षे मी स्वतःला पहिले सांगत आले.

३ जूनचा फोटो मी १२ तारखेला, सुटण्याच्या सकाळी उघडला, तेव्हा मला आधी खुंट दिसले नाहीत. आधी नळी दिसली.

पुतण्यावरचा माझा राग तिथून येतो. तो सगळा त्याचा नाही. पण माझ्या वाट्याचा काढून घेतला तरी त्याच्या वाट्याला पुरेसा उरतो.

कलम ९. घर आणि झुडूप कोणाला

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितले की माझी मूत्रपिंडे शंभरातले पंधरा भाग काम करतात, आणि वर्षाच्या आत मला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडावे लागेल. मी ते यंत्र जवळून पाहिले आहे. चांगले यंत्र आहे, अनेकांना त्याने वर्षे दिली आहेत. मला ते नको. डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतले आणि म्हणाले, "शुद्ध हरपली की जवळच्या माणसाला विचारतात. तुमचं जवळचं कोण?" माझे जवळचे एकच आहे, आणि त्याने आजवर माझा एकही नको ऐकलेला नाही.

म्हणून घर आणि अंगण दोन अटींवर पुतण्याला देते.

पहिली अट. जिन्यापलीकडचे झुडूप कलम ५ प्रमाणे ठेवावे. म्हणजे बहुतांशी काही करू नये.

दुसरी अट. मी यंत्राला नको म्हटले आहे, हे वेळ येईल तेव्हा त्याने डॉक्टरांना माझ्याच शब्दांत सांगावे. त्यात 'पण', 'एकदा बघू', 'तिची पद्धतच आहे' असे काही घालू नये. नंतर बाहेर येऊन रडायला हरकत नाही.

या अटी मान्य नसतील तर घर धाकटीला जाईल. ती भाड्याच्या खोलीत राहते आणि तिला झाडातले काडीइतके कळत नाही. झुडपाच्या दृष्टीने ही मोठीच लायकी आहे. दुसऱ्या अटीचे मग मला दुसरे काही पाहावे लागेल.

एक गोष्ट स्पष्ट करते. अटी मान्य नाहीत असे पुतण्याने लिहिले तर मी रागावणार नाही. 'आत्या, मला हे जमणार नाही' हेही सरळ उत्तर आहे, आणि सरळ उत्तर देणाऱ्याला मी कधी पाठ दाखवलेली नाही. घर मिळावे म्हणून हो लिहून वॉर्डात उलटे सांगणारा माणूस तो नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर त्याला विचारते आहे.

या कागदाची अंमलबजावणी वकिलांनी करावी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन ठिकाणी विशेषणे कमी करून त्याखाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या आहेत.

सही: निवृत्त औषधनिर्माती, लिहून देणार

साक्षीदार पहिले: गल्लीच्या तोंडाशी चष्म्यांचे दुकान असलेले गृहस्थ. (यांनी सही करण्यापूर्वी सगळा कागद वाचला आणि कलम ३ मधील कात्रीचा उल्लेख काढावा असे सुचवले. काढलेला नाही.)

साक्षीदार दुसऱ्या: निवृत्त परिचारिका. ताईच्या वॉर्डात होत्या त्याच. (कलम ८ वाचून त्यांनी 'बरोबर आहे' एवढेच म्हटले आणि सही केली.)

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: सोमवार, २ सप्टेंबर २०१९.

पुतण्याच्या प्रतीसोबत

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. ही प्रत तुला आत्ता पाठवते, कारण कलम ९ मधली दुसरी अट मी मेल्यावर वाचून उपयोग नाही.

तुझे उत्तर मला लेखी हवे. फोन करू नकोस. बायकोकडून निरोप पाठवू नकोस. मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहू नकोस. या तिन्ही वाक्यांतला नको खरा आहे.

उत्तर तुझ्या अक्षरात, शाईने, दोन्ही अटींचे वेगवेगळे असावे. 'आत्या म्हणेल तसं' असे लिहिलेस तर कागद परत येईल. दोन दिवस विचार कर. पहिल्या दिवशी तू हो म्हणशील, तुझा स्वभाव तसा आहे. ते उत्तर मला नको. अंगणात येऊन जिन्यापलीकडे तासभर उभा राहा, हात खिशात घालून. फाटक उघडे असेल, मी बाहेर येणार नाही. त्या उन्हात, त्या कोरड्या मातीपुढे तुला काहीही न करता उभे राहता आले, तर घरी जाऊन दुसऱ्या अटीचे उत्तर लिही. नाही राहता आले, तर तसे लिही.

तुझे उत्तर येईल तसे मृत्युपत्राला पुरवणी जोडून दोघा साक्षीदारांना पुन्हा बोलावीन. उत्तर आले नाही तर ते नाही असे धरले जाईल.

मुदत: सोमवार, दिनांक ३० सप्टेंबर २०१९, सायंकाळी पाच वाजेपर्यंत.